संक्रांतीचं बी, पाडव्याचं कारलं

पहिल्या वर्षी मी कारल्याचं बी पाडव्याला लावलं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, वर वसंताचा आरंभ. लावणीला याहून चांगला दिवस कुठला, असं वाटलं. बी उगवलं, वेल झपाट्याने वाढला आणि दोरी धरून गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोचला. मे महिन्यात तो पिवळ्या फुलांनी भरून गेला. रोज सकाळी पंधरा-वीस फुलं उमलायची, संध्याकाळी मान टाकायची आणि दुसऱ्या दिवशी खाली पडलेली असायची. कारलं मात्र एकही नाही. खत घातलं, पाणी वाढवलं, एका रोपवाटिकेतून फूलगळीवरचं औषध आणून फवारलं. वेल आणखी हिरवागार झाला, एवढंच.

शेवटी मंडईतल्या नेहमीच्या मावशींना विचारलं. त्यांचा स्वतःचा मळा आहे.

"कधी लावलं होतंत?"

"पाडव्याला."

मावशी हसल्या. "अहो ताई, पाडव्याला कारलं तोडायचं असतं. बी संक्रांतीला भिजत घालायचं."

मावशींच्या या एका वाक्यात उष्ण प्रदेशातल्या भाजी-लावणीचं बरंचसं शास्त्र आहे. ते उलगडून पाहू.

वसंत कुणाचा?

बियाण्याच्या पाकिटावर किंवा बागकामाच्या पुस्तकात 'वसंत ऋतूत पेरा' असं लिहिलेलं असतं. ही सूचना मुळात थंड देशांतली. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, वसंतात ती मोकळी होते आणि शेवटचा हिमतुषार पडून गेला की कोवळ्या रोपाचा मोठा शत्रू टळतो. पुढे चार-पाच महिने हवा उबदार राहते. तिथला वसंत म्हणजे उघडणारं दार.

आपल्याकडे याच ऋतूत दार बंद होत असतं. पुण्यात जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी ११-१२ अंशांवर असतो, आणि एप्रिल उजाडला की दुपार ३८ अंशांवर जाते. नागपुरात मे महिन्यात ४२ अंश ही नेहमीची गोष्ट. म्हणजे थंडी सरल्यापासून उन्हाचा कडाका सुरू होईपर्यंत हातात उरतात दोन-अडीच महिने. वेलाने त्यातच उगवायचं, पसरायचं, फुलायचं आणि फळ धरायचं असतं. चैत्र-वैशाख हे पंचांगातले वसंताचे महिने. तोवर फळ धरण्याची वेळ सरत आलेली असते.

गंमत अशी, की वसंत पंचमी येते माघात, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. नाव वसंताचं आणि ऋतू शिशिर. भाजीवाल्याच्या हिशेबाने मात्र ही पंचमी अगदी वेळेवर येते. उन्हाळी वेलभाज्यांच्या लावणीचा काळ साधारण संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा. 'होळी जळाली, थंडी पळाली' असं आपण म्हणतो, पण थंडी पळायची वाट बघत बसणाऱ्याच्या हातून वेलाची वेळ निघून गेलेली असते. भेंडी, गवार, चवळी उन्हाला जास्त खमक्या, म्हणून त्यांना मार्चच्या मध्यापर्यंत सवलत.

ही फक्त आपली गोष्ट नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सला टोमॅटोची रोपं फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जमिनीत जातात, कारण जूनमध्ये तिथला पारा ४० च्या वर असतो. त्याच देशात शिकागोला मे महिना अर्धा होईपर्यंत थांबावं लागतं. तिथल्या मराठी घरात दुधीचं रोप खिडकीतल्या कुंडीत उन्हाची वाट बघत असतं, तेव्हा फिनिक्सच्या मराठी घरात वेलावर सावली कशी धरायची याचा विचार चाललेला असतो. देश एक, वसंत दोन.

म्हणून उष्ण प्रदेशात लावणीची तारीख पुढून मागे मोजत काढायची. आधी ठरवायचं, आपल्या गावात दुपार ३८-४० अंशांवर कधी जाते. त्याच्या आत फळ धरायला हवं. काकडीचा पहिला तोडा साधारण ४० ते ५० दिवसांत येतो, भेंडीचा ४५ ते ५०, दुधी-कारल्याचा ५५ ते ६५. कलिंगडाला ८० ते ९५ दिवस लागतात. संक्रांतीच्या बियाचं कारलं पाडव्याच्या सुमारास हाताला येतं, ते याच हिशेबाने. पाडव्याला लावलेला माझा वेल भर वैशाखात फुलला, आणि हिशेब तिथेच चुकला.

थंडीत बी जागं कसं करायचं

संक्रांतीला लावायचं म्हटलं की अडचण सुरू होते ती बियाची. या भाज्या मुळात उष्ण प्रदेशांतल्या. कलिंगड, दुधी, चवळी यांचं मूळ आफ्रिकेत; काकडीचे रानटी भाऊबंद हिमालयाच्या पायथ्याला सापडतात; दोडका आपल्याच उपखंडातला. उन्हाशी त्यांचं जुनं नातं, पण गार मातीत त्यांचं बी जागचं हलत नाही. भेंडीचं बी १७ अंशांखालच्या मातीत जवळजवळ उगवतच नाही. ओल लागून कुजतं मात्र लवकर. कोकणात जानेवारीच्या रात्री फारशा गार नसतात, तिथे ही अडचण कमी. निफाड-नाशिककडे किंवा विदर्भात मात्र याच टप्प्यावर लावणी फसते.

त्यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात रोज चालतो. मटकीला मोड आणतो तसेच कारल्याच्या बियाला आणायचे. कारल्याचं कवच कठीण, म्हणून बी चोवीस तास पाण्यात ठेवायचं. दुधी-दोडक्याला रात्रभर पुरतं. मग ओल्या सुती फडक्यात पुरचुंडी बांधून उबेला ठेवायचं. चूल असलेल्या घरात चुलीमागे, नसलेल्या घरात फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला किंवा तांदळाच्या डब्यात. शेतकरी शेणखताच्या उबदार ढिगातही पुरचुंडी पुरतात. तीन-चार दिवसांत टोकाशी पांढरा कोंब दिसला की बी आळ्यात जातं. कोंब सव्वा इंच होऊ द्यायचा नाही, नाहीतर लावताना मोडतो. जेमतेम डोकावला की पुरे.

आळं म्हणजे हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा. त्यात कुजलेलं शेणखत आणि माती मिसळून भरायची आणि दोन-तीन बिया घालायच्या. पुढे दमदार रोप ठेवून बाकीची खुडायची. इथे हात कचरतो, पण एका आळ्यात तीन वेल ठेवले तर तिन्ही अर्धपोटी राहतात.

पहिली दोन जाड पानं उघडली की आणखी एक पाहुणा येतो, तांबडा भुंगेरा. शेंगदाण्याच्या दाण्याहून लहान, लालसर, चपळ. एका सकाळीत तो रोपाची पानं चाळणी करून टाकतो. जुना उपाय असा, की पहाटे पानांवर दव असताना चुलीतली राख भुरभुरायची. राख दवाला चिकटते आणि भुंगेऱ्याला ते पान नकोसं होतं. चार-पाच पानं आली की वेल त्याला पुरून उरतो.

व्यापारी शेतीत याच गरजेतून नवी साधनं आली. कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढवलेली रोपं, रोपांवर ओढलेलं पांढरं क्रॉप कव्हर, वर चंदेरी आणि खाली काळा असा मल्चिंग पेपर. काळी बाजू तण उगवू देत नाही. चंदेरी बाजूवरून परतणाऱ्या उजेडाने पांढरी माशी बिचकते. महाराष्ट्रातला कलिंगडवाला एक वेगळं पंचांगही बघतो, रमजानचं. उपासाच्या महिन्यात कलिंगडाला मागणी वाढते आणि रमजान दरवर्षी साधारण ११ दिवसांनी अलीकडे सरकतो. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये आला की लावणी नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत ढकलावी लागते. क्रॉप कव्हरचा खर्च शेतकरी उगीच करत नाही.

पाठीशी फळ घेऊन येणारं फूल

आता माझ्या गळून गेलेल्या फुलांकडे वळू. कारलं, दुधी, दोडका, काकडी यांच्या एकाच वेलावर दोन जातींची फुलं येतात, नर आणि मादी. ओळखायला भिंग लागत नाही. नर फूल नुसत्या बारीक देठावर उभं असतं. मादी फुलाच्या पाठीशी चिमुकलं फळ आधीच असतं: कारल्याच्या फुलामागे नखाएवढं काटेरी कारलं, दुधीच्या फुलामागे लव असलेला हिरवा मणी. वेल आधी नर फुलं काढतो. सुरुवातीची दहा-पंधरा फुलं गळाली तर तो रोग नव्हे, रीत आहे. मादी फुलं मागून, बहुतेक बाजूच्या फांद्यांवर येतात. म्हणूनच वेल मांडवाला पोचला की शेंडा खुडतात, फांद्या फुटाव्यात म्हणून.

पण नर-मादीचं हे प्रमाण पक्कं नसतं. दिवस मोठा झाला आणि उष्णता वाढली की वेल नर फुलांकडे झुकतो; लहान दिवस आणि गारवा मिळाला की मादी फुलं वाढतात. त्यामागे झाडाच्या आतल्या संप्रेरकांचा तोल असतो. पाडव्याला लावलेल्या माझ्या वेलाला फुलण्याच्या वेळी मिळाले वर्षातले जवळजवळ सर्वांत मोठे आणि सर्वांत तापलेले दिवस. त्याने जवळपास सगळी नर फुलं काढली. माझी फुलं गळत होती कारण ती गळण्यासाठीच आली होती. औषधाने काय थांबणार!

मादी फूल आलं तरी काम संपत नाही. काकडीचं, कारल्याचं, कलिंगडाचं फूल सकाळी उमलतं आणि एकच दिवस टिकतं. पराग जोमदार असतो तो पहिल्या काही तासांत. एका फुलावर मधमाशी आठ-दहा वेळा येऊन गेली तर फळ सगळीकडून सारखं भरतं. भेटी कमी पडल्या की काकडी एका टोकाला बारीक राहते, कलिंगड वाकडं होतं. आपल्याकडे हे काम सातेरी आणि फुलोरी माश्या करतात, म्हणून सकाळी फुलोऱ्यावर फवारणी करणं म्हणजे आपल्याच गड्याला हाकलून देणं.

दोडका आणि दुधी यांचा रिवाज उलटा. त्यांची फुलं दिवस कलताना उघडतात. मार्चमधल्या एखाद्या संध्याकाळी सहाच्या सुमाराला दोडक्याच्या वेलाशी उभं राहून पाहावं. पिळून ठेवलेल्या पिवळ्या फडक्यासारखी कळी आधी टोकाशी सैल होते, मग एकेक पाकळी सुटते, आणि बघता बघता फूल सपाट पसरतं. दुधीचं फूल पांढरं. अंधारात ते दिसावं आणि रात्रीचे पतंग यावेत, यासाठीचा तो पोशाख. शहरात गच्चीवर पतंग क्वचितच फिरकतात. मग आपणच पतंग व्हायचं: ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. तीन-चार दिवसांत मागचा मणी फुगायला लागला तर जमलं. पिवळा पडला तर नाही.

टोमॅटोचं दुखणं वेगळं. त्याच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग एकत्र असतात, पण दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ भागातून आलेल्या या झाडाला रात्र गार लागते. दिवस ३५ अंशांच्या वर आणि रात्र २१-२२ च्या वर राहू लागली की पराग निकामी होतो आणि फुलं देठापासून सुटतात. झाड टवटवीत, फळ नाही. एप्रिलमध्ये हौसेने टोमॅटोचं रोप आणणाऱ्याने हे आधीच जाणून असावं.

उन्हात हसणारी पानं

पालेभाज्यांचा हिशेब आणखी निराळा, कारण तिथे फूल येणं हेच नुकसान. पालकाला दिवस लांबलेला कळतो आणि तो फुलोऱ्यावर जातो. कोथिंबीर आणि मेथी उन्हात पंधरा दिवसांत दांडा काढतात, पानं विरळ होतात. मे महिन्यात कोथिंबिरीची जुडी का महागते, याचं उत्तर बाजारात शोधण्याआधी झाडात शोधावं.

या भाज्या थकतात तेव्हा माठ जोर धरतो. लाल माठ, राजगिरा, तांदुळजा एकाच घराण्यातले. बहुतेक झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड ज्या विकराने पकडतात, तो कडक उन्हात चुकतो आणि त्याऐवजी ऑक्सिजन पकडतो. झाडाची मेहनत वाया जाते. माठाच्या घराण्याने यावर तोड काढली आहे. ही झाडं कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून पानाच्या आतल्या खोलीत दाटीने साठवतात आणि मगच त्या विकराच्या हाती देतात, म्हणजे चुकायला जागाच उरत नाही. शास्त्रज्ञ या पद्धतीला सी-फोर म्हणतात. ज्वारी, मका आणि ऊस हेही याच पद्धतीचे.

बांधावर आपोआप येणारी घोळ तर त्याहून बिलंदर. पाणी असेतो ती माठासारखी वागते. पाणी तुटलं की दिवसा पानांची रंध्रं मिटून घेते आणि हवा रात्री आत घेते, निवडुंगासारखी. एकाच पानात दोन्ही युक्त्या बाळगणाऱ्या वनस्पती फार थोड्या. आपण तिला तण म्हणून उपटतो. ज्यांना कळतं ते डाळ घालून खातात.

फळभाज्यांत भेंडी आणि गवार या अशाच उन्हाळी पठडीतल्या. भेंडीला ऊन बाधत नाही, तिचं वैर पांढऱ्या माशीशी. ही माशी हळद्या रोगाचा विषाणू पसरवते. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात आणि भेंडी फिकट, निबर येते. त्याला तोंड देणारी म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही जात काढली. जात कोणतीही असो, पिवळ्या शिरांचं झाड दिसलं की उपटून टाकायचं. एका झाडाची माया सगळ्या वाफ्याला महागात पडते.

वाळूतलं पाणी

उन्हाळ्यात भाजी पिकवायची तर पाणी हवंच. पण ते किती ओतलं यापेक्षा किती टिकलं याला जास्त मोल आहे. हे ओळखणारी एक जुनी शेती विदर्भात नदीच्या रेतीत चालते, तिचं नाव डांगरवाडी. पावसाळा ओसरला आणि वैनगंगेसारख्या नदीचं पात्र उघडं पडलं, की भोई-ढिवर समाजातली कुटुंबं रेतीत चर खणत जातात. हाताला ओली रेती लागली की थांबायचं. चरात शेणखत आणि माती घालायची, बी टाकायचं आणि वाऱ्याच्या बाजूला गवताचा आडोसा करायचा. वरची कोरडी रेती दुपारी पाय भाजेल इतकी तापते. वीत-दोन वीत खाली मुळांना नदीचा गारवा मिळत राहतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत डांगर, कलिंगड, काकडी निघते आणि पहिल्या पुराबरोबर शेत नाहीसं होतं. पुढच्या वर्षी नवी रेती, नवी वाटणी. धरणातून अवेळी सोडलेलं पाणी आणि बेसुमार वाळूउपसा यांनी या वाड्यांचा जीव आता आवळत आणला आहे.

डांगरवाडीतून घरच्या बागेने घ्यावं ते एवढंच: वरचा थर कोरडा आणि झाकलेला, खालचा ओला. उसाचं पाचट, भाताचा पेंढा, नाहीतर गच्चीवर पडलेला पालापाचोळा आळ्यावर चार बोटं पसरला की पाण्याचं बाष्पीभवन बरंच मंदावतं. दुसरी सोय मडक्याची. भाजलेलं पण बिनझिलईचं साधं मडकं आळ्याशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर करवंटी झाकायची. माती कोरडी पडली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथातही वेलांना असं पुरलेल्या मडक्याने पाणी द्यायची कृती सांगितली आहे.

आणि पाणी कधी द्यायचं, हे वेलाला विचारावं. पण दुपारी नाही. भर दुपारी दुधीची मोठी पानं छत्रीसारखी लोंबतात. ते पाहून नवखा माणूस बादली घेऊन धावतो. बहुतेक वेळा पान स्वतःहून अंग चोरून घेत असतं. मुळं पाठवतात त्याहून जास्त पाणी ऊन ओढतं, म्हणून. सूर्य कलला की ती पानं पुन्हा ताठ होतात. खरा निकाल पहाटे लागतो. रात्रभराच्या विश्रांतीनंतरही पान लोंबत असेल, तर वेल तहानलेला आहे.

मग वसंतात लावायचं काय?

चैत्र-वैशाख काही रिकामे नाहीत. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर सांगली-हिंगोलीकडे हळदीची आणि साताऱ्याकडे आल्याची लावण सुरू होते. सुरणाचे कंदही याच सुमाराला जमिनीत जातात. या सगळ्यांत एक साम्य आहे. जे वर येऊन लगेच फुलायला बघतं, ते या दिवसांत कुणी लावत नाही. कंद जमिनीखाली निवांत राहतो, स्वतःच्या शिदोरीवर कोंब काढतो आणि पाऊस येईतो उन्हाचे चार आठवडे तग धरतो. पावसाळी वेलांसाठी आळी खणून तापत ठेवायची तीही याच दिवसांत. ऊन खाल्लेल्या मातीतल्या किडी आणि तणांचा जोर मोडतो. वसंतात लावायचं ते पावसाळ्यासाठी, आणि वसंतात खायचं ते थंडीत लावलेलं.

पुढच्या वर्षी संक्रांतीला ओट्यावर तिळगुळाच्या ताटाशेजारी एक ओलं फडकं होतं. घरातल्यांनी विचारलं, मटकी का? म्हटलं, कारलं आहे. सणासुदीला कसलं कारलं, म्हणून सगळे हसले. मार्च उजाडता उजाडता फुलं आली, आणि त्यांतल्या काहींच्या पाठीशी नखाएवढं काटेरी काहीतरी होतं. पाडव्याला गुढी उभारून कडुलिंबाचं पान चघळत मी गच्चीवर गेले आणि चार कारली तोडली. त्यातली दोन मंडईत नेऊन मावशींना दिली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "आता दोन दिवसांआड तोडा. एक जरी वेलावर पिकलं, तर वेल म्हणेल, झालं माझं काम."